तास संपण्याआधी वर्गाला काय कळलं, हे कसं ओळखायचं?

पाटीपेन्सिल

शाळेतलं शिकणं सुधारायचं म्हटलं की चर्चा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तकं, स्क्रीन आणि परीक्षापद्धती यांच्याकडे वळते. ते सगळं महत्त्वाचं आहेच, पण वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाच्या हातात त्यातलं फार थोडं असतं. त्याच्या हातात असतो एक तास. म्हणून या धाग्यात फक्त त्या तासाबद्दल बोलू या.

मी गणित शिकवतो. आपल्याकडून सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा प्रश्न कोणता, तर "समजलं का?" ज्यांना समजलंय ती मुलं हो म्हणतात. ज्यांना समजल्यासारखं वाटतंय तीही हो म्हणतात, आणि अगदी मनापासून म्हणतात. ज्यांना आपल्याला समजलेलं नाही हे कळतंय, ती गप्प बसतात. शिक्षकाच्या कानावर फक्त "हो" येतो आणि तो पुढच्या मुद्द्याकडे जातो.

त्याऐवजी काय करता येईल, याचं एक उदाहरण देतो. दशांश अपूर्णांक शिकवून झाले की मुलांना विचारा, ०.४ मोठा की ०.३५? बरीच मुलं ०.३५ म्हणतात, कारण ३५ हा ४ पेक्षा मोठा. ही चूक सगळ्यांना माहीत आहे. पण ज्यांनी ०.४ असं बरोबर उत्तर दिलं, त्यांतल्या काहींच्या डोक्यात दुसरीच चूक असते: "दशांश मोठे असतात, शतांश लहान असतात, म्हणून चिन्हानंतर जितके अंक कमी तितकी संख्या मोठी." या मुलांचं उत्तर बरोबर येतं आणि समज चुकीचीच राहते. म्हणून लगेच दुसरा प्रश्न विचारायचा, ०.४ मोठा की ०.४५? आता ३५ ला मोठं म्हणणारं मूल बरोबर ठरतं, आणि "कमी अंक म्हणजे मोठी संख्या" वालं मूल ०.४ वर बोट ठेवतं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्र पाहिली की कोण कुठे अडकलंय ते मिनिटभरात कळतं. एकच प्रश्न विचारला तर ते कळत नाही.

मला वाटतं शिकवण्यातली निम्मी कारागिरी असे प्रश्न तयार करण्यात आहे. पाठाचं टाचण काढताना "मी काय सांगणार" हे आपण तपशीलवार लिहितो. "मुलांना काय विचारणार, आणि चुकलं तर कसं चुकेल" हे क्वचितच लिहितो.

पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या दोन शिक्षणसंशोधकांनी १९९८ मध्ये या विषयावरच्या शेकडो अभ्यासांचा आढावा घेतला. शिकवणं चालू असतानाच मुलांच्या समजेचा अंदाज घेणं आणि त्याप्रमाणे पुढचं शिकवणं बदलणं, याने शिकण्यात ठळक फरक पडतो, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा फायदा जास्त होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. यातला दुसरा भाग मला फार मोलाचा वाटतो.

तुमच्या विषयातले असे प्रश्न असतील तर इथे लिहा. अडचणी असतील तर त्याही लिहा.

मागचा_बाक

धागा आवडला. पण माझ्या वर्गाचा पट साठच्या वर आहे. प्रत्येकाचं उत्तर पाहायचं कसं? हात वर करायला सांगितले की तेच पाच-सहा हात वर येतात. बाकीच्यांना हे नेमकं ठाऊक असतं की कुणीतरी उत्तर देईल आणि आपली सुटका होईल.

पाटीपेन्सिल

मागचा_बाक, हात वर करण्याची पद्धतच सोडून द्या असं मी म्हणेन. ज्याला उत्तर येतं तोच हात वर करतो, म्हणजे ज्याची माहिती आपल्याला हवी तो आपोआप वगळला जातो.

साठ मुलांसाठी सगळ्यात सोपं साधन म्हणजे बोटं. फळ्यावर चार पर्याय लिहा, विचार करायला वेळ द्या, मग "दाखवा" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम छातीशी बोटं धरायची. छातीशी धरली की शेजारच्याला ती नीट दिसत नाहीत आणि समोर उभ्या शिक्षकाला सगळी दिसतात. पाट्या असतील तर उत्तमच, मग पर्याय देण्याचीही गरज नाही.

दाखवण्याआधीचा वेळ मात्र खरंच द्यायला हवा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती अभ्यासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेवढ्यात उत्तर आलं नाही की स्वतःच सांगत किंवा दुसऱ्याकडे वळत. हाच वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेल्यावर उत्तरं लांब होऊ लागली, "माहीत नाही" कमी झालं, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली आणि मुलांकडून प्रश्नही येऊ लागले. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. शांत वर्गासमोर तेवढं थांबून पाहा, फार जड जातं.

रानवाट

विज्ञानातला माझा आवडता प्रश्न: एवढासा रोप लावला आणि त्याचा मोठा वृक्ष झाला. त्याच्या लाकडाचं वजन मुख्यतः कुठून आलं? पर्याय: माती, पाणी, हवा, सूर्यप्रकाश.

प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण तोंडपाठ असलेली मुलं सरळ "माती" म्हणतात. कार्बन डायऑक्साइड लिहिता येतो, पण तो वायू म्हणजेच लाकूड होणारा माल आहे हे डोक्यात जोडलेलं नसतं. हवेला वजन असतं हेच आधी मनापासून पटलेलं नसतं.

यावर मी मुलांना व्हॅन हेल्मोंट या सतराव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञाचा प्रयोग सांगते. त्याने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, माती मात्र जेमतेम दोन औंस कमी झाली. हे त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झालं. इथे गंमत अशी की त्याने स्वतः निष्कर्ष काढला तो "सगळं पाण्यापासून" असा. म्हणजे मुलांना दुहेरी काम मिळतं: माती का नाही हे या आकड्यांवरून सांगा, आणि हेल्मोंटच्या नजरेतून काय सुटलं तेही शोधा. मी उत्तर लगेच सांगत नाही. आधी शेजारच्याला पटवून द्यायला सांगते, मग पुन्हा बोटं दाखवायला लावते.

पाटीपेन्सिल

रानवाट, फार सुंदर प्रश्न. शेजारच्याला पटवून देण्याची रीत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात मोठ्या व्याख्यानवर्गात रुजवली. आधी स्वतःचं उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. त्यांचंही म्हणणं असं होतं की नुकतंच समजलेला विद्यार्थी दुसऱ्याची अडचण शिक्षकापेक्षा चांगली ओळखतो, कारण ती अडचण त्याच्या अजून आठवणीत असते. फक्त पहिलं उत्तर एकट्याने दिलेलं असणं आवश्यक आहे. नाहीतर हुशार मुलाचं उत्तर बाकाबाकावर फिरतं.

सहावीची_आई

मी शिक्षिका नाही, पण धागा वाचून एक विचारावंसं वाटलं. मुलगी धडा चार-चार वेळा वाचते, महत्त्वाच्या ओळी रंगवते. विचारलं की म्हणते, "येतंय मला." आठवड्याने विचारलं तर निम्मं गेलेलं असतं. तिची मेहनत कमी नाही. मग बिघडतं कुठे?

पाटीपेन्सिल

सहावीची_आई, तिची मेहनत खरी आहे, पद्धत फसवी आहे. वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असा समज होतो. परीक्षेत मात्र पुस्तक बंद असतं.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे फार छान दाखवलं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत पुस्तक बंद करून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं झालं: वाचणारे ४० टक्क्यांवर, आठवून लिहिणारे ६१ टक्क्यांवर. आणि आपल्याला चांगलं आठवेल अशी जास्त खात्री कुणाला होती? वाचणाऱ्यांना.

२०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यांत ओळी रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं यांना खालचा दर्जा मिळाला. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास काही दिवसांच्या अंतराने विभागणं या दोन पद्धती सगळ्यात वर ठरल्या.

घरी एवढंच करा. तिने एकदा नीट वाचावं, पुस्तक मिटावं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावं, मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगात भरावं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा. सुरुवातीला तिला "मला काहीच येत नाही" असं वाटेल आणि ती नाराज होईल. तेव्हा तिला सांगा की आठवायला पडणारा तो ताणच उपयोगाचा आहे.

त्रिज्या

मला इथे एक भीती वाटते. "आठवून लिहा, पुन्हा चाचणी, पुन्हा चाचणी" हे ऐकायला घोकंपट्टीच्याच वळणाचं आहे. आपण इतकी वर्षं पाठांतराविरुद्ध बोललो ते कशासाठी? मुलांनी स्वतः शोधून काढावं, कारण विचारावं, चुका कराव्यात, यातून समज येते. शिवाय चाचणी म्हटलं की काही मुलांच्या पोटात गोळा येतो. वर्गात ही भीती रोज आणायची का?

पाटीपेन्सिल

त्रिज्या, आक्षेप महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

भीती चाचणीची नसते, गुणांची आणि तुलनेची असते. मी तासाच्या सुरुवातीला तीन-चार प्रश्न देतो: एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिनाभरापूर्वीचा. उत्तरं मुलं स्वतः तपासतात, गुण कुठेही लिहिले जात नाहीत, वही मी गोळा करत नाही. असं काही आठवडे चाललं की मुलं त्या प्रश्नांची वाट पाहू लागतात, कारण आपल्याला काय येतंय हे त्यांनाच दिसतं.

आता घोकंपट्टीबद्दल. काय आठवायला लावतो यावर सगळं अवलंबून आहे. "व्याख्या लिहा" हेही आठवणंच, आणि "कालच्या दोन पद्धतींपैकी इथे कोणती चालेल आणि का" हेही आठवणंच. दुसऱ्या प्रश्नात विचार करावाच लागतो. पण आठवणीत काही नसेल तर विचार कशावर करणार? एका वेळी मनात धरता येतील अशा गोष्टी फार थोड्या असतात, चारेकच. पाढे किंवा मूळ क्रिया चटकन आठवत नसतील तर ती सगळी जागा त्यांतच जाते, आणि उदाहरणातला खरा प्रश्न बाहेर राहतो.

स्वतः शोधण्याबद्दलही असंच. जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बीजगणितावर केलेल्या कामातून दिसलं की अगदी नवख्या विद्यार्थ्याला नुसतं उदाहरण सोडवायला देण्यापेक्षा पायऱ्या लिहिलेलं सोडवलेलं उदाहरण अभ्यासायला देणं जास्त लाभदायक ठरतं. पुढे हेही कळलं की विद्यार्थी जसा जाणकार होतो तसा हा फायदा कमी होतो, आणि मग सोडवलेली उदाहरणं उलट आड येऊ लागतात. म्हणजे "सांगावं की शोधू द्यावं" याचं उत्तर मूल त्या विषयात कुठे आहे त्यावर ठरतं. आणि ते कुठे आहे हे कळायला पुन्हा विचारावंच लागतं.

त्रिज्या

गुण न लिहिण्याचा मुद्दा पटला. सोडवलेल्या उदाहरणाबद्दल माझी भर: मी उदाहरण पूर्ण देऊन प्रत्येक पायरीसमोर "हे असं का केलं?" अशी रिकामी जागा ठेवते. ती भरताना मुलांची जी दमछाक होते ती मला हवी असते. नंतरच्या उदाहरणात शेवटची पायरी काढून टाकते, मग शेवटच्या दोन.

आणखी एक. पाठ्यपुस्तकांतल्या उदाहरणसंग्रहात एकाच प्रकारची दहा-दहा उदाहरणं ओळीने असतात. तिसऱ्यापासून मुलं प्रश्न वाचतच नाहीत, नुसते आकडे भरतात. सरावाला वेगवेगळे प्रकार मिसळून दिले की सुरुवातीला चुका वाढतात आणि पालक तक्रार करतात. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनाकृतींच्या घनफळांवर हाच प्रयोग केला होता. सराव चालू असताना एकसारखी उदाहरणं सोडवणारे ८९ टक्के बरोबर, मिसळून सोडवणारे ६० टक्के. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत एकसारखीवाले २० टक्के आणि मिसळवाले ६३. मी हे आकडे पालकसभेत फळ्यावर लिहिते.

मागचा_बाक

त्रिज्या, हे आकडे मीही वापरणार. वही तपासण्याबद्दल कुणी लिहील का? माझी प्रत्येक संध्याकाळ त्यात जाते, आणि मुलं गुण पाहून वही मिटतात. शेरा वाचतच नाहीत.

पाटीपेन्सिल

मागचा_बाक, रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर याच प्रश्नाचा अभ्यास केला. काहींना फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचं पुढचं काम सुधारलं आणि कामातला रसही टिकला. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. गुण दिसले की मूल "मी कितवा" याकडे वळतं आणि "पुढे काय करू" हे मागे पडतं.

शेराही कामाचा असायला हवा. कुणी ५२ − १७ = ४५ असं लिहिलं तर लाल फुलीतून त्याला काहीच कळत नाही. हे मूल प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, आणि ते दर वेळी न चुकता करतंय. त्याच्या दृष्टीने तो नियमच आहे. "आळशीपणा नको, लक्ष दे" हा शेरा इथे चुकीचा आणि अन्यायाचाही आहे. "४५ मध्ये १७ मिळवून पाहा, ५२ येतात का?" असं लिहिलं तर त्याला स्वतःला काहीतरी करायला मिळतं. पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं शेऱ्यावर काम करायला राखून ठेवा. तो वेळ नसेल तर शेरा लिहूच नका, तुमची संध्याकाळ वाचेल.

सगळ्या वह्या सारख्याच खोलात तपासायची गरज नाही. एका दिवशी वह्या फक्त वाचायच्या, चुकांचे तीन-चार प्रकार टिपायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यावर सगळ्या वर्गाशी बोलायचं. साठ वह्यांवर तोच शेरा साठदा लिहिण्यापेक्षा हे बरं.

अक्षरओळख

चर्चा चांगली चालली आहे, पण मी ज्या मुलांबरोबर काम करते ती इथे कुठेच दिसत नाहीत. पाचवीत बसलेलं मूल दुसरीचा परिच्छेद वाचू शकत नाही. त्याच्यासमोर ०.४ आणि ०.३५ ठेवून काय होणार? तुमचा प्रश्न कितीही कसदार असो, तो त्याला वाचताच येत नाही. आणि वर्ग पुढे जात राहतो, दर वर्षी थोडा आणखी लांब.

मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी केनियात शाळांना जादा पाठ्यपुस्तकं देऊन पाहिली. सरासरी गुण वाढले नाहीत, फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बहुतेकांना ती नीट वाचताच येत नव्हती. याउलट मुंबई आणि वडोदऱ्यात "प्रथम" संस्थेच्या बालसखी उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं बसवून मूळ वाचन आणि अंकगणित शिकवलं, तेही वस्तीतल्याच तरुण मुलींनी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचं मोजमाप केलं, आणि त्या मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली. क्रेमर, बॅनर्जी आणि डुफ्लो या तिघांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मूल आज जिथे आहे तिथून सुरू करा, त्याची इयत्ता कोणतीही असो. हे कुणी मान्य केल्याशिवाय वर्गातलं प्रश्नकौशल्य अशा मुलांपर्यंत पोचत नाही.

सहावीची_आई

अक्षरओळख यांच्या प्रतिसादाला +१. पण अशा मुलांना वेगळं बसवलं की त्यांच्यावर "ढ" असा शिक्का बसत नाही का?

अक्षरओळख

सहावीची_आई, गट कायमचा केला तर बसतो. आमचे गट फक्त वाचनाच्या आणि गणिताच्या त्या वेळेपुरते असतात. वाचनात मागे असलेलं मूल गणितात दुसऱ्याच गटात असू शकतं. दर काही आठवड्यांनी समोरासमोर बसून परिच्छेद वाचून घेतो आणि जमलं की लगेच पुढच्या गटात पाठवतो. मुलं या हलण्याकडे लक्ष ठेवून असतात. ज्या गटातून कुणी कधी बाहेरच पडत नाही, तो गट मात्र बंद करायला हवा, कारण तिथे शिकवणं होत नाहीये.

पाटीपेन्सिल

अक्षरओळख, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मी लिहिलेलं सगळं वाचता येणाऱ्या मुलांना गृहीत धरून आहे. ज्या वर्गात तुम्ही म्हणता तशी दरी आहे, तिथे आधी तुमचं काम, मग माझं. आणि हे काम एकट्या शिक्षकावर टाकता येणार नाही. वेळापत्रकात त्यासाठी तास राखून ठेवण्याचा निर्णय मुख्याध्यापकांनाच घ्यावा लागेल.

रानवाट

शेवटच्या वाक्यावरून एक सुचवते. आम्ही तिघी-चौघी मिळून जपानी शाळांसारखा एक प्रयोग करतो. तिथे "जुग्यो केन्क्यू" नावाची जुनी पद्धत आहे: शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसून पाहतात आणि नंतर चर्चा करून पाठ दुरुस्त करतात. आमच्या इथे महिन्यातून एखादा पाठच जमतो. पण मुलं कुठे अडतील याचा अंदाज चौघींनी मिळून बांधला की एकटीला न सुचणाऱ्या चुका आधीच समोर येतात.

मागचा_बाक

रानवाट, दुसऱ्याच्या तासाला बसायचं म्हणजे तपासणी आली असंच आमच्याकडे वाटतं. तुम्ही हा संकोच कसा घालवला?

रानवाट

मागचा_बाक, एक नियम केला. बसणाऱ्यांनी शिकवणारीकडे पाहायचं नाही. प्रत्येकीने दोन-तीन मुलं निवडायची आणि तासभर त्यांच्याच वह्या, खोडाखोड आणि बोलणं टिपायचं. नंतरच्या चर्चेत "तू असं का केलंस" हे वाक्य चालत नाही. "खिडकीजवळच्या मुलाने आधी माती लिहिलं, मग शेजारणीशी बोलल्यावर ते खोडलं" असंच बोलायचं. पाठ चौघींनी मिळून आखलेला असतो, त्यामुळे तो फसला तर कुणा एकीचा फसत नाही. सुरुवात पाटीपेन्सिल यांच्या दशांशाच्या दोन प्रश्नांनीच करा. त्याला पूर्ण तासही लागत नाही, आणि ४ व ३५ वरून मुलं आपसांत काय वाद घालतात हे जवळ बसून ऐकणारं कुणीतरी हवंच.